एमडी, मुक्काम पोस्ट ग्रामीण रुग्णालय

मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एखाद्या पेशंटचा श्वास अडकला की त्याच्या खाटेभोवती किती डॉक्टर जमतात ते बघा. इंटर्न असतो, निवासी डॉक्टर असतो, त्याच्यावर सीनियर असतो, सर फोनवर असतात आणि आयसीयू दोन मजले वर असतं. तोच पेशंट भामरागड, धडगाव किंवा धारणी अशा दुर्गम तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर समोर एकच डॉक्टर असतो. बहुतेक वेळा तो नुकताच एमबीबीएस झालेला असतो, किंवा आदिवासी भागातल्या फिरत्या भरारी पथकातला, आयुर्वेदाची बीएएमएस पदवी घेतलेला मानसेवी डॉक्टर असतो. जिथे मदतीला कुणी नाही तिथे आपण सर्वांत कमी शिकवलेला माणूस पाठवतो, आणि हे इतकी वर्षं चाललंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटेनासं झालंय.

ग्रामीण भागात डॉक्टर का नाहीत, यावर दर अधिवेशनात चर्चा होते. रिक्त जागांचे आकडे येतात, मंत्री भरतीची घोषणा करतात. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे. जागा उद्या भरल्या तरी प्रश्न सुटणार नाही, कारण त्या जागेवर जे काम करायचं आहे ते आपण कुणाला शिकवतच नाही. ते शिकवणारी पदव्युत्तर पदवी कागदावर आहे: एमडी, फॅमिली मेडिसिन, म्हणजे लहानथोरांचे सगळे नेहमीचे आजार एकाच डॉक्टरने सांभाळण्याचं शिक्षण. राज्याने ती मनावर घेतली पाहिजे, आणि तिचे निवासी डॉक्टर मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात न घडवता ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात घडवले पाहिजेत.

ते काम कसं असतं, हे एका उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात पहाटे चारला एका मुलाला खांद्यावर टाकून आणतात. रात्री जमिनीवर झोपला होता, आता पोट दुखतंय म्हणतो, एकदा उलटी झाली. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. नवा डॉक्टर पोटदुखीचं इंजेक्शन देईल आणि सकाळपर्यंत बघू म्हणेल. ज्याने असे पेशंट पाहिलेत तो आधी मुलाच्या पापण्या बघेल. त्या जड झाल्या असतील, मुलाला मान धरता येत नसेल, बोलणं घोगरं झालं असेल, तर त्याला मण्यार हा विषारी साप चावलाय. मण्यारीचे दात इतके बारीक की चावल्याचं झोपेतल्या माणसाला कळतही नाही. मग प्रतिविषाच्या दहा कुप्या लगेच सलाईनमधून सुरू करायच्या, त्याचीच रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवायचं, आणि श्वास मंदावला तर घशात नळी घालून हाताने श्वास देणारी अम्बू बॅग दाबत राहायचं. रुग्णवाहिकेत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, दोन-तीन तास. हे जमलं तर मूल आठवड्याने चालत घरी जातं, कारण मण्यारीच्या विषाने आलेला लकवा उतरतो. तोवर कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घेत राहायला हवा, इतकंच.

यातलं काहीही सुपरस्पेशालिटीचं नाही, आणि तरी एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि इंटर्नशिपच्या एका वर्षात हे हातात बसत नाही. कॉलेजच्या रुग्णालयात नळी भूलतज्ज्ञ घालतो. बाळंतपण अडलं की स्त्रीरोगाचा निवासी डॉक्टर पुढे होतो आणि इंटर्न रक्ताचे नमुने घेऊन धावतो. फिट आलेलं मूल बालरोगात जातं. प्रत्येक गोष्टीला वेगळा विभाग असतो. विद्यार्थी सगळे विभाग बघतो, पण सगळे विभाग एकाच माणसाने सांभाळताना त्याने कुणालाच बघितलेलं नसतं. मग तो तालुक्याला जातो तेव्हा त्याची छाती धडधडते, आणि तो तेच करतो जे कोणीही घाबरलेला शहाणा माणूस करेल: पेशंटला पुढे पाठवतो. आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूरला. या रेफरच्या साखळीत किती माणसं रस्त्यावर दगावतात हे तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

यावर सरकारचं उत्तर म्हणजे बॉण्ड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालात तर एक वर्ष सेवा द्या. दहा लाख रुपये भरून सुटका करून घेण्याची वाट बराच काळ खुली होती, आणि अनेक घरांनी ते पैसे भरले. जे जातात त्यांच्याविषयी मला कणव आहे, राग नाही. ही मुलं प्रामाणिक असतात. पण त्यांच्या टेबलावर औषधांच्या यादीशेजारी नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे एमसीक्यू असतात, कारण पुढच्या आयुष्याचा सगळा हिशेब त्या परीक्षेवर आहे. एका वर्षात गावाची ओळख होते न होते तोच बदली माणूस येतो. रक्तदाबाच्या पेशंटला दर वर्षी नवा डॉक्टर, नवी गोळी. बॉण्डमुळे आरोग्य केंद्राच्या हजेरीपुस्तकात सही होते. गावाला डॉक्टर मिळतो असं मात्र म्हणता येत नाही.

एके काळी आपल्याकडे तालुक्याचा म्हणून वेगळा डॉक्टर घडत होता. आमच्या आजोबांच्या पिढीला एलसीपीएस झालेले डॉक्टर आठवतात. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती पदविका. तो डॉक्टर दात काढायचा, हाड बसवायचा, बाळंतपण करायचा आणि तीन पिढ्यांचा आजार लक्षात ठेवायचा. १९४६ च्या भोर आरोग्य समितीने पदविकावाले आणि पदवीवाले असे डॉक्टरांचे दोन दर्जे नकोत, देशात एकाच प्रतीचा मूलभूत डॉक्टर हवा असं म्हटलं. हेतू चांगला होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का मिळावा, हा प्रश्न आजही तितकाच रास्त आहे. पण तो मूलभूत डॉक्टर पुढे तज्ज्ञ होण्याच्या रांगेतला उमेदवार होऊन बसला, आणि तालुक्याची जागा रिकामी राहिली.

धोरण आखणाऱ्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की पदव्युत्तर जागांपैकी सार्वजनिक आरोग्य आणि फॅमिली मेडिसिन या विषयांचा वाटा टप्प्याटप्प्याने एक चतुर्थांशापर्यंत न्यावा. २०१७ च्या धोरणानेही फॅमिली मेडिसिन किंवा ग्रामीण वैद्यकाच्या एमडीला चालना देण्याची भाषा केली. केरळात कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजने २०१२ च्या सुमारास एमडी फॅमिली मेडिसिन सुरू करून दाखवलं. डीएनबी या एमडीच्या तोडीच्या, राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीच्या मार्गाने हा विषय त्याच्याही कितीतरी आधीपासून शिकवला जातोय. नव्या एम्समध्ये विभागाच्या पाटीवरच सामुदायिक आणि फॅमिली मेडिसिन असं लिहिलेलं असतं. तरीही एक चतुर्थांश सोडा, एक शतांश म्हणायचीही परिस्थिती नाही. महाराष्ट्रात नंदुरबार, सिंधुदुर्ग, गडचिरोली अशा जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत सरकारी मेडिकल कॉलेजं निघाली. ज्या जिल्ह्यांसाठी ती काढली त्या जिल्ह्यांना ज्या विषयाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच विषय तिथे मागे पडणार असेल तर काय म्हणायचं?

फॅमिली डॉक्टर नसल्याची किंमत फक्त साप चावल्यावर मोजायची नसते. बीडच्या ऊसतोड बायकांचं उदाहरण आठवून बघा. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची ओरड झाली, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. चर्चा खासगी डॉक्टरांच्या लोभाची झाली, मुकादमांच्या दबावाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र सारखं वाटत राहतं की ही बाई पहिल्यांदा कुणाकडे गेली असेल? पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाळीत जास्त जातंय, एवढीच तिची तक्रार. तिला तपासून, जंतुसंसर्गाच्या गोळ्या देऊन, नवऱ्यालाही औषध देऊन, रक्त वाढवून, सहा महिन्यांनी कारखान्यावरून परत आल्यावर पुन्हा बघणारा कुणी असता तर तिला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जावंच लागलं नसतं. गावात असा डॉक्टर नव्हता, म्हणून ती थेट त्या दारात गेली जिथे उत्तर एकच होतं. कॅन्सरची भीती घातली की कुठलीही बाई घाबरणारच.

हे नवीनही नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी कुणी तपासलं होतं अशा फक्त ८ टक्के. हे संशोधन १९८९ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्यानंतर तीस वर्षांनी बीड घडलं. मधल्या काळात आपण तालुक्याच्या डॉक्टरला बाईची साधी आतली तपासणी विश्वासाने आणि तिची अब्रू राखून करायला शिकवलं असतं तर? ती तपासणी करायला पडदा लागतो, चांगला उजेड लागतो, शेजारी आशाताई उभी लागते, आणि आधी दहा मिनिटं बोलावं लागतं. दीडशेच्या ओपीडीत हे कसं बसवायचं, याचंही शिक्षण असतं, आणि ते अनुभवी डॉक्टरच्या बाजूला बसूनच मिळतं.

म्हणून कुठे शिकवायचं, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एमडी फॅमिली मेडिसिनचे तीन वर्षांचे विद्यार्थी मेडिकल कॉलेजच्या विभागांतून महिना-महिना फिरवले तर त्यातून कुठलाच विषय पुरता न आलेला डॉक्टर बाहेर पडेल. पहिलं वर्ष कॉलेजात जावं: बालरोग, प्रसूती, मेडिसिन, अपघात विभाग आणि भूल, यातलं हातकाम पक्कं व्हावं. पुढची दोन वर्षं ग्रामीण रुग्णालय आणि त्याखालचं एक आरोग्य केंद्र. एकच. तीच गावं, तीच घरं. ज्या बाईला तिसऱ्या महिन्यात तपासलं, तिचं बाळंतपण त्याच डॉक्टरने करावं आणि ते मूल चालायला लागेपर्यंत त्यानेच बघावं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोराला दर पावसाळ्यात सांधे धरतात, त्याला प्रत्येक वेळी नुसती सलाईन लावून घरी न पाठवता हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर ठेवून दोन वर्षांत त्याचे दौरे किती कमी झाले, हे त्या निवासी डॉक्टरने स्वतःच्या वहीत मोजावं. क्षयरोगाचं औषध सुरू असलेला माणूस दारू का सोडत नाही, हे त्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. आणि भाषा! गडचिरोलीत माडिया, मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी. पहिल्या सहा महिन्यांत कामापुरती भाषा आली पाहिजे, आणि परीक्षेत तिला गुण असले पाहिजेत.

सध्याच्या व्यवस्थेत याच्या जवळ जाणाऱ्या काही गोष्टी आहेत, पण त्या थोडक्यात हुकतात. २०२० मध्ये अधिसूचना निघून डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी सुरू झाली, म्हणजे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं. कल्पना चांगली, पण ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं, आणि तिथपर्यंत हा निवासी डॉक्टर पोहोचत नाही. शिवाय तीन महिन्यांत तो स्वतःच्या विषयाचंच काम करतो. एमबीबीएसच्या मुलांना आता कुटुंबं दत्तक देतात. तेही चांगलंच, फक्त त्या भेटीत शिकवणारा बरोबर नसेल तर ती सहल होते.

शिकवणारा कोण, असा आक्षेप इथे येतो. प्राध्यापक कुठून आणणार? माझं उत्तर असं की शिक्षक तालुक्यातच आहेत, आपण त्यांना शिक्षक मानत नाही एवढंच. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होते तेव्हा कोकणात विंचू चावून धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर चालते हे त्यांनी तिथेच, आपल्याच पेशंटवरून दाखवलं, आणि त्यांचे निबंध लॅन्सेटने छापले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं आणि शाळा न शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून राहिले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या गडचिरोलीतल्या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. या सगळ्यांना आपण पुरस्कार दिले, त्यांची भाषणं ऐकली, त्यांच्याकडे मुलांच्या शिबिरासाठी बस नेल्या. पण त्यांचे दवाखाने हे राज्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा कणा व्हायला हवे होते. छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने तसं करून दाखवलंय. तिथे आदिवासी गावांच्या पेशंटवर उपचार करत तरुण डॉक्टर फॅमिली मेडिसिनचं डीएनबी करतात. गनियारीला जमतं ते धारणीला का जमू नये?

आणि केवळ नामवंतच कशाला? प्रत्येक जिल्ह्यात असे पाच-सात वैद्यकीय अधिकारी असतात की ज्यांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बाळंतपणं होतात, ज्यांच्या नावावर लोक तीस किलोमीटर येतात. पंधरा-वीस वर्षांच्या अशा कामाला अध्यापनाचा अनुभव म्हणून मान्यता द्यावी. शोधनिबंधांची संख्या मोजून प्राध्यापक ठरवायचा असेल तर हा माणूस कधीच पात्र होणार नाही, आणि मग खरोखरच शिक्षक मिळणार नाहीत.

दुसरा आक्षेप माझ्याच डॉक्टर बिरादरीतला आहे, आणि तो हलका नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हातात सुरी देणार का? सिझेरियन हे स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम आहे, भूल देणं भूलतज्ज्ञाचं. मान्य, तज्ज्ञ असेल तर त्यानेच करावं. पण ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर तज्ज्ञ नाहीत ही देशभरची गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत या पातळीवर गरजेच्या तुलनेत तज्ज्ञांची कमतरता सुमारे ८० टक्के दाखवली होती. तिथे निवड तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांच्यात नसते, नीट शिकलेला डॉक्टर आणि शंभर किलोमीटरचा रस्ता यांच्यात असते. आणि सरकारने स्वतःच एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांना भुलीचं १८ आठवड्यांचं आणि तातडीच्या प्रसूतीचं १६ आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेलं आहे. तेवढ्या शिक्षणावर जर काम सोपवता येतं, तर तीन वर्षं शिकलेल्यावर का नाही? त्या योजना ढेपाळल्या त्या शिक्षणामुळे नव्हेत. भूल शिकलेला एका तालुक्यात आणि सिझेरियन शिकलेला दुसऱ्या तालुक्यात, अशा नेमणुका झाल्या की शिकलेला हात वर्षभरात विसरतो.

मुलं हा विषय घेतील का? आजच्या परिस्थितीत नाही घेणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. रेडिऑलॉजीला पैसा आहे, त्वचारोगाला रात्रीची झोप आहे, फॅमिली मेडिसिनला यातलं काहीच नाही. पण मुलांची निवड कशाने बदलते याचा अनुभव जगाकडे आहे. थायलंडने १९९४ पासून प्रांतांतल्या मुलांना निवडून, त्यांची रुग्णालयातली शिकण्याची वर्षं प्रांतातल्याच रुग्णालयांत काढायला लावली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडने ग्रामीण सर्वसमावेशक डॉक्टर हा स्वतंत्र विषय मानून त्याला शोभेल असा पगार दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच: गावाकडचे विद्यार्थी घ्या, गावाजवळ शिकवा, गावात त्यांना पुढे जायला वाट ठेवा. घर, पोरांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि मारहाणीपासून संरक्षण हे तर कुणीही सांगेल.

आपल्याकडे यात एक सोपी सुरुवात आहे. आरोग्य खात्यात आधीच नोकरीला असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर प्रवेशात राखीव कोटा आहे. ही माणसं गाव ओळखतात आणि सहसा तिथे टिकलेली असतात. आज ते अस्थिरोगात किंवा नेत्ररोगात एमडी-एमएस करून परत आले तर त्यांच्या आरोग्य केंद्रात त्या विद्येला ना यंत्र असतं ना शस्त्रक्रियागृह. फॅमिली मेडिसिन ही एकच अशी पदव्युत्तर पदवी आहे की जी घेऊन डॉक्टर आपल्या जुन्याच खुर्चीवर परत बसला तर पहिल्या दिवसापासून शिकलेलं सगळं कामाला येतं. पहिल्या काही तुकड्या याच माणसांच्या कराव्यात.

अडचण खरी आहे ती मंत्रालयाच्या मजल्यांची. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, अधिष्ठात्यांच्या ताब्यात. मी सांगतो तो निवासी डॉक्टर तिन्ही ठिकाणी काम करणार. त्याचा स्टायपेंड कोण देणार, रजा कोण मंजूर करणार, त्याच्या हातून काही चुकलं तर पाठीशी कोण उभं राहणार, यावर दोन खात्यांच्या सचिवांची सही एकाच कागदावर पडायला हवी. तो कागद निघत नाही म्हणून बाकी सगळं अडतं. गडचिरोलीपासून सुरुवात करता येईल: कॉलेज आहे, अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे, एटापल्ली आणि भामरागडला ग्रामीण रुग्णालयं आहेत, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणजे तिथे राहणाऱ्या डॉक्टरला सगळं यावंच लागतं.

आणि पहिल्या प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी आरोग्य खात्याच्या सेवाप्रवेश नियमांत फॅमिली मेडिसिन तज्ज्ञ असं पद आलं पाहिजे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात किमान एक, तज्ज्ञाच्या वेतनश्रेणीत, बढतीच्या जागांसह. पद आधी आणि प्रवेशाच्या जागा मग, हा क्रम उलटा झाला तर पहिली तुकडी पास होऊन खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नोकरी शोधत फिरेल, आणि दुसऱ्या वर्षी अर्जच येणार नाहीत.